पितळेवरचा डाग

व्हिटकॉम दीपगृहांच्या जुन्या वस्तू गोळा करतो. तो येणार म्हणून मी बाबाची पितळी तेलझारी सकाळभर घासली. दीपगृह राखणाऱ्या आम्हा दिवेवाल्यांच्या घरात पाहुणा म्हणजे तपासनीस, आणि त्याला पितळेवर बोटाचा ठसाही खपत नसे. मला एवढंच हवं होतं, त्याच्या संग्रहालयात झारीखाली बाबाचं नाव लागावं. अल्वा बील.

झारी बघून त्याने कपाळाला हात लावला. "अहो बाई, इतक्या वर्षांचा काळा थर घालवलात. आता ही कालची वाटते."

"मग माझं तोंड न्या. ते कुणी घासलेलं नाही."

तो हसला आणि झारीशेजारी ठेवलेली बाबाच्या दीपगृहाच्या तपासणीची जुनी वही चाळू लागला. तपासनिसाच्या एका शेऱ्यावर थांबला. 'पितळ अस्वच्छ. दिवेवाला बील निष्काळजी.'

"त्या दिवशी आई वारली," मी सांगितलं. "बाबाने दिवा लावला, पितळ तेवढं राहिलं."

"हेही लिहू की," तो म्हणाला. मी वही दिली.

आता ते पान संग्रहालयात काचेत आहे. खाली ठळक पाटी आहे: 'निष्काळजी दिवेवाला, अल्वा बील'. आईचं विचारलं, तर म्हणतो, पाटीवर जागा नव्हती.