मिस्त्रींच्या उजवीकडे

गॅरेजवाले मिस्त्री गेले त्या महिन्यात 'वारसा' हा शब्द त्यांच्या लेकीच्या कानावर इतका आदळला की तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. वकिलांनी सांगितलं, वारसाहक्काने अर्धं गॅरेज तुमचं. शोकसभेत गॅरेजवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी मिस्त्रींचा थोर वारसा जपायची हाक दिली आणि नेमकं काय जपायचं ते न सांगताच चहाकडे वळले. धाकटा भाऊ बाळ्या तर मागेच लागला, ताई, तूच ये आता, दोघं मिळून चालवू.

ताईने साफ नकार दिला. हिस्सा नको, गॅरेजही नको. कारण मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. शाळा संपली त्या वर्षी मिस्त्री तिला गाडीतून घरी आणत होते. त्यांच्या डावीकडच्या सीटवर बसून, मनात घोकून घोकून तिने विचारलं होतं, "बाबा, मला इंजिनाचं काम शिकवाल?" मिस्त्रींनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. कोपऱ्यावर थांबून त्यांनी पाव घेतला आणि गाडी घराकडे वळवली. ताईने पुन्हा इंजिनाचं नाव काढलं नाही. पुढे बाळ्या गॅरेजमध्ये गेला, ती औषधाच्या दुकानात बिलाच्या काउंटरवर चिकटली. राग मात्र तिने इतकी वर्षं इस्त्री करून ठेवल्यासारखा जपला.

अलीकडे दुकानात तिच्याबद्दल तक्रारी यायला लागल्या होत्या. बाई शिष्ट आहे, हाक मारली तरी ढुंकून बघत नाही. शेवटी मालकांनीच तिला कानाच्या डॉक्टरकडे पिटाळलं. डावा कान बराच गेलाय, डॉक्टर म्हणाल्या, आणि वर विचारलं, "हे बहुधा वारशाने आलंय. घरात कुणाला होतं का?"

पुन्हा तोच शब्द. ताई वैतागून नाही म्हणाली. आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाच्या घरात बहिरं कोण असणार? पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिला काहीतरी टोचायला लागलं, आणि घरी जायचं सोडून ती गॅरेजकडे वळली.

तिथे सगळे ज्याला डावऱ्या म्हणत तो डावखुरा मेकॅनिक एका गाडीत वाकला होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला, की आतला आवाज थेट ऐकू येतो. डावऱ्याने तो डाव्या हातात धरला होता, पण मूठ मात्र तोंडावरून आडवी नेऊन उजव्या कानाला लावली होती, मान पार पिरगळून. ही कसरत ताईने कितीदा पाहिली होती आणि तिला हसूही आलं होतं. आज तिने विचारलं, जवळचा कान का नाही लावत?

"मिस्त्रींनी असंच शिकवलं," डावऱ्या म्हणाला. "उजव्या कानानेच ऐकायचं."

बाळ्याने त्यात भर घातली. मिस्त्रींशी बोलताना उभंही त्यांच्या उजवीकडेच राहायचं, ती गॅरेजची शिस्त. डावीकडून बोलणाऱ्याची खरडपट्टी निघायची. सगळे त्याला मान समजत.

ताई तिथेच पडलेल्या टायरवर बसली. "बाळ्या, बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं."

काहीतरीच काय, म्हणून तो हसला. पण हसता हसताच त्याचा चेहरा उतरला.

मग तिने त्याला गाडीतली गोष्ट सांगितली. सांगताना तिचाच गोंधळ उडाला. म्हणजे बाबांनी नाही म्हटलंच नव्हतं. पण हो तरी कुठे म्हटलं होतं? ऐकू गेलं असतं तर काय म्हणाले असते? विचारायला आता माणूसच उरला नव्हता. बहिऱ्या मेकॅनिककडे गाडी कोण देणार, म्हणून लपवलं असेल. ते तिला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त संताप येत होता. आणि आपण? एकदाच विचारून आयुष्यभर फुगून बसलो, त्याचं काय? एवढा जपलेला राग, आणि आता तो कुणावर काढायचा हेच तिला सुचेना.

तिने उठून डावऱ्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावलं आणि मूठ उजव्या कानाला. आतली घरघर थेट डोक्यात शिरली. शेजारी उभा असलेला बाळ्या काहीतरी बोलला. तिला पत्ताच नव्हता. मग तो गाडीला वळसा घालून तिच्या उजवीकडे आला. ताईने मूठ कानापासून काढली.

"ताई, येतेस का कामाला?"

तिला स्वच्छ ऐकू आलं.

"परत विचार," ती म्हणाली.