काचेवरचा दोरा

येरमाळ्याच्या अलीकडं, कळंबच्या वाटेला, कापसाची एक जिनिंग होती. तिकडं विलायतेत लढाई चालू होती, इकडं निजामाचं राज्य होतं, आणि बब्रुवान मात्र या दोन्हींना सोडून त्या जिनिंगच्या बायलरला भ्यायचा. का भिऊ नये? ते आडवं पडलेलं लोखंडी धूड! पोटात जाळ, जाळावर पाणी, पाण्याची वाफ, आणि त्या वाफेवर भिंतीपलीकडं रेचे खडखडायचे, कापसातली सरकी वेगळी करायचे. रेच्यांवर चाळीस बाया बसायच्या. त्यांत तिसऱ्या रेच्यावर त्याची बायको, सारजाबाई.

बायलर जैनोद्दीन चाचाच्या ताब्यात होता, तीस वर्षं. चाचाच्या डाव्या कानापासून खांद्यापर्यंत भाजल्याचा डाग होता. मॅनेजरनं बब्रुवानला त्याच्या हाताखाली दिलं तेव्हा चाचा म्हणाला, "शिकवायला एक हंगाम लागंल, साहेब."

मॅनेजर हसला. "हंगाम? कापसाच्या वाळक्या पळाट्या आत घालायच्या आणि पाणी भरायचं. चूल तर बायाही पेटवतात!" घ्या! ज्यानं जन्मात घरची चूल पेटवली नाही, त्यानं हे सांगावं.

नवरात्रात चाचानं चाचणीसाठी भट्टी पेटवली आणि बब्रुवानला एकच काम दिलं. काच बघायची. बायलरच्या तोंडाशी हातभर उंचीची काचेची उभी नळी होती. आत पाणी जिथवर, तिथवर ते काचेत दिसायचं. नळीच्या मध्यावर चाचानं खुणेचा दोरा बांधला होता. पाणी दोऱ्याखाली उतरलं की पंप सोडायचा.

"अन् ध्यानात ठेव बेटा," चाचा म्हणायचा, "खरं पाणी हलतं. रेचे सुरू झाले की उडी मारतं. गप उभं ऱ्हायलं, तर समज काय तरी बिघडलंय."

"अन् चाचा, काचेत पाणीच दिसंना झालं तर?"

चाचाचा हात डागावर गेला. "माझे उस्ताद हैदरमियाँ त्यातच गेले. तवा काय करायचं, ते शेवटच्या दिवशी सांगीन. आधी काच बघ."

बब्रुवान मनातल्या मनात चरफडला. आठ दिवस नुसती नळी बघून डोळे गेले, आणि हा म्हातारा खरी गोष्ट काही तोंडातून काढीना. आठव्या दिवशी चाचाला थंडी वाजून ताप भरला. त्याची लेक कुलसुमबी त्याला धरून ओढ्यापलीकडं घरी घेऊन गेली. शेवटचा दिवस आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. बाया नटूनथटून आल्या, रेच्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. बायलरला कोण पुजणार? जिचा नवरा तिथं राबतो तीच. सारजाबाई पुढं झाली. तिनं नळीवरचा दोरा बघितला. कुण्या पिराचा नाहीतर येडाई देवीचा गंडाच असणार, असं तिला वाटलं. तिनं हात जोडले आणि तेलात कालवलेला शेंदूर दोऱ्याला चांगला चोपडून लावला. "ह्येंला सांभाळ गं माय," एवढंच तोंडातल्या तोंडात म्हणाली.

दसरा झाला. एकादशीला मॅनेजरनं फर्मावलं, "बब्रुवान, आजपासून तूच बायलरवाला." शेवटची गोष्ट तर बब्रुवानला अजून कळलीच नव्हती. पण नाही म्हणायची सोय होती का? त्यानं पाणी भरलं, काचेत मध्यावर आणलं, जाळ घातला. तासाभरानं वाफ झाली, भोंगा वाजला, रेचे खडखडले. तेलाचा शेंदूर ऊब लागून पाघळला, नळीवरून खाली ओघळला, वर पळाट्यांचा धूर बसला. दोऱ्याखालची काच काळपट, वरची स्वच्छ. बब्रुवान दर घडीला बघे. पाणी बरोबर दोऱ्याला! त्याला हायसं वाटे. एकदाही पंप सोडायची पाळी आली नाही, आणि त्याचंच त्याला कौतुक वाटत होतं.

दुपारी भाकरीच्या सुट्टीनंतर रेचे पुन्हा एकदम सुरू झाले. बब्रुवान काचेकडंच बघत होता. पाणी हललं नाही.

त्यानं डोळे चोळले, जवळ जाऊन बघितलं. रेषा जागच्या जागी. त्यानं काचेवर बोट ओढलं, बोट लालकाळं झालं, आणि बोटाच्या वाटेनं काच आरपार दिसली. कोरडी. सकाळपासून तो पाणी समजून शेंदराची कड बघत होता. त्यानं नळीखालची तोटी फिरवली. पाण्याचा थेंब नाही, नुसती फुस्स करून वाफ आली.

आई गं! आत पाणी किती होतं? होतं का नव्हतं? समोरचं लोखंड नेहमीसारखंच काळं आणि गप, आणि भिंतीपलीकडं बाया हसत होत्या. त्याचा हात आपोआप पंपाकडं गेला. पाणी संपलंय, तर पाणी सोडावं. साधी गोष्ट. पण हैदरमियाँनी कोणती चूक केली होती? पाणी सोडलं ही? का सोडलं नाही ही? त्याला आठवेना, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तो दारात धावला. "सारजे! समद्या बायांस्नी भायर काढ! अन् पळत चाचाकडं जा. म्हणावं काचंत पाणी न्हाय, काय करू?"

सारजाबाईनं नवऱ्याचं तोंड बघितलं आणि एक शब्द न विचारता ओरडत सुटली. बाया रेच्यांचे पट्टे सोडून, पदर सावरत शेताकडं पळाल्या, सारजाबाई ओढ्याकडं. रेचे थांबले तसा मॅनेजर धावत आला.

"काय तमाशा लावलाय?"

"पाणी न्हाय बायलरात."

"मग सोड की, मूर्खा!" मॅनेजर स्वतःच पंपाकडं निघाला.

बब्रुवान आडवा झाला. पंपाच्या चाकाला त्यानं पाठ लावली आणि दोन्ही हातांनी ते मागून धरलं. साहेबाला आजवर त्यानं उलटून उत्तर दिलं नव्हतं. "चाचाचा निरोप येऊस्तोवर हात लावू देणार न्हाय," तो म्हणाला. मॅनेजरनं शिव्या घातल्या, ढकललं, एक थोबाडीत दिली. बब्रुवान हलला नाही. पाठीमागं लोखंडात कुठंतरी कट् कट् असा आवाज व्हायला लागला. तो ऐकून मॅनेजरचा चेहरा उतरला आणि तो आवाराबाहेर पळाला.

बब्रुवान एकटा राहिला. त्यालाही पळायचं होतं, खोटं कशाला सांगा. पण आपण पळालो आणि सारजा निरोप घेऊन इथं आली तर? एवढ्या एका विचारानं तो तिथं उभा राहिला, आणि प्रत्येक आवाजाला डोळे मिटत राहिला.

सारजाबाई आली ती चिखलानं भरलेली, धाप लागलेली. "पाण्याला हात लावू नगा! इस्तू वढा! समदा इस्तू भायर!"

त्यानं भट्टीचं दार उघडलं, लांब आकडी घातली आणि जाळ बाहेर ओढायला लागला. निखारे पायांवर पडले. ती मागून घमेल्यानं माती टाकत होती. तो "जा इथनं" म्हणत होता, ती ऐकत नव्हती. हळूहळू कटकट थांबली. सांजेपर्यंत धूड निवलं. भट्टीत डोकावून बघितलं तर वरचा पत्रा परातीसारखा खाली झुकला होता.

तसेच दोघं चाचाकडं गेले. चाचा गोधडीत बसून होता. त्यानं बब्रुवानचे भाजलेले पाय बघितले.

"तापल्या पत्र्यावर गार पाणी पडलं असतं, तर भिंतसुदिक ऱ्हायली नसती," तो म्हणाला. "हैदरमियाँनी पाणीच सोडलं हुतं. काचेला काय झालं हुतं?"

"शेंदूर लागला. म्याच लावला," बब्रुवान म्हणाला.

"ह्येंनी न्हाय, म्या लावला," सारजाबाई म्हणाली. "गंडा वाटला मला. कुणी सांगितलंच न्हवतं, चाचा."

चाचाचा हात पुन्हा डागावर गेला. मग त्याचे डोळे भरले. "सांगायचं काम माझं हुतं. पहिल्याच दिवशी सांगायला पायजे हुतं. पर मला भ्या वाटलं. ह्याला समदं आलं की मला कोण ठेवणार? म्हणून शेवटचं तेवढं दाबून धरलं. बेटा, माझ्यामुळं आज चाळीस बाया मेल्या असत्या."

बब्रुवानला राग आला होता, आणि म्हाताऱ्याच्या भीतीची कीवही आली होती. कारण तीच भीती उद्या आपल्यालाही वाटणार, हे त्याला कळत होतं.

सारजाबाई उंबऱ्यातून आत आली आणि नवऱ्याच्या शेजारी मांडी घालून बसली.

"आता समदं सांगा, चाचा," ती म्हणाली. "मी बी ऐकते. उद्या ह्येंला ताप आला तर?"