गाडी विकून घेतलेली गाडी

"काका, नातवासाठी पायजे का कम्प्युटर?"

यवतमाळच्या त्या काचेच्या दुकानातल्या पोराने हे विचारलं तेव्हा मी कुबडी काउंटरला टेकवून अजून धड बसलोही नव्हतो.

"नातू नाई मले," मी म्हणालो. "माह्यासाठी पायजे. अन नवीन नाई पायजे. हाय तोच सुधरवायचा हाय."

पोत्यातून सीपीयूचा डबा काढून मी काउंटरवर ठेवला. पोराने डबा पाहिला. मग माझ्या उजव्या, नकली पायाकडे पाहिलं. मग ओठ दाबून म्हणाला, "काय करायचं हाय याच्यावर? भजनं ऐकायची?"

"बस चालवायची हाय."

आता मात्र तो मोकळेपणाने हसला. म्हणाला, हे भंगार आहे, पंचेचाळीस हजारात नवा सेट देतो, आत सात रंगांचे दिवे लागतात, पंख्यालासुद्धा दिवे आहेत.

"दिव्यानं गाडी पळते का रे?" मी विचारलं. डबा पुन्हा पोत्यात घातला आणि बाहेर पडलो. एकवीस हजार रुपये होते माझ्या खिशात, आणि ते काही पंख्याला दिवे लावायला नव्हते.

त्या एकवीस हजारांचं आधी सांगतो. मी मारोतराव, राहणार बाभुळगाव. एकतीस वर्षं एस्टी चालवली. निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी शुगरने उजवा पाय गुडघ्याखालून नेला. नवा पाय बसवून दिला, त्याने आणि कुबडीने मी चालतो, पण त्या पायाला रेस किती दाबली ते कळत नाही. डॉक्टर म्हणाले, मारोतराव, आता गाडी विसरा. विसरा! जसं काही गाडी म्हणजे छत्री आहे, कुठेतरी टेकवून ठेवली आणि विसरलो. अंगणात माझी मोटारसायकल उभी होती. वर्षभर मी ती रोज सकाळी पुसायचो आणि विमल, म्हणजे आमच्या मंडळी, रोज म्हणायच्या, "पुसा, पुसा. लगन हाय तिचं."

गेल्या दिवाळीला आमचा मुलगा रजत पुण्याहून आला होता. त्याचा इंजिनिअरिंगच्या वेळचा कम्प्युटर टेबलावर कव्हर घालून पडला होता. त्याने गंमत म्हणून त्यावर बसचा खेळ लावून दिला. बटणं दाबून बस चालवायची. गाडी उचक्या देत होती, दर दोन मिनिटांनी चित्र थिजायचं. रजत म्हणाला, मशीन जुनं आहे बाबा, जाऊ द्या. पण एका वळणावर चार-पाच सेकंद गाडी नीट चालली, समोर म्हैस आली, आणि माझा नसलेला पाय ब्रेकवर गेला. खरोखर गेला. टाचेखाली मला ब्रेक लागला. मी कोणाला बोललो नाही, पण त्या रात्रभर मला आनंदाने झोप आली नाही.

दुसऱ्या महिन्यात मोटारसायकल विकली. एकवीस हजार आले. दुसरे एकवीस हजार आता या जन्मात येणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. एक वस्तू चुकीची घेतली की खेळ खलास.

स्टँडवरच्या चहावाल्याने कहकशां नावाच्या बाईचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सांगितलं. मागच्या गल्लीत, टायरवाल्याच्या बाजूला. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर डबे. तिशीची बाई, डोक्यावर ओढणी, हातात पेचकस. माझ्याकडे पाहून तिने एक स्टूल पुढे सरकवलं, डबा घेतला आणि चार पेच काढून उघडला.

"घर कापसाच्या जिनिंगजवळ हाय का काका?"

"हो. कसं ओळखलं?"

तिने पंख्यातून रुईचा गोळा ओढून काढला. निघतच राहिला. "उशी भरून होते इतक्यात," ती म्हणाली. "बोला, काय चालवायचं हाय?"

मी जरा दमात सांगितलं, "बस." हसली असती तर तिथूनही उठलो असतो. ती हसली नाही. कागद घेतला आणि विचारलं, "बजेट?"

"एकवीस. अन त्यातच स्टिअरिंग. बटणं दाबून म्या गाडी चालवत नाई."

"मॉनिटर?"

"हाय तोच."

"ठीक. देखो काका, पहिले हे. या बोर्डावर नवीन प्रोसेसर बसतच नाही. त्याच जमान्यातला बसंल, पण तेव्हाचा सगळ्यात तगडा. सेकंडहँड भेटते, स्वस्तात."

"म्हणजे इंजिनाच्या जुन्या ब्लॉकवर जुनंच हेड, पण दमदार गाडीचं."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "एकदम तसंच. तुम्ही मिस्त्री होते का?"

"ड्रायव्हर. पण रस्त्यात बंद पडली तर मिस्त्री कोण येते?"

मग आमचं जमलं. रॅम वाढवायची, ती जुनीच चालेल. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, ती मात्र नवी. चित्र पळवायला ग्राफिक कार्ड हवं, ते महागातलं. तिच्याकडे वापरलेली दोन होती. मी अर्थातच मोठ्यावर हात ठेवला. दोन पंखे होते त्याला.

"ते नका घेऊ," कहकशां म्हणाली. "ताकद जास्त, पण करंट लय खाते. तुमच्याकडं लाइन कशी हाय?"

"येते-जाते."

"मग हे छोटं घ्या. अन जे वाचलं त्याचा एसएमपीएस नवीन. करंट वाटणारा डबा. जुना ठेवला अन फुटला, तर माह्याकडून घेतलेलं सगळं घेऊन जाईल."

दोन हजार रुपयांची ती वस्तू, जी दिसतही नाही! काचेच्या दुकानवाल्याने तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पण अशक्त बॅटरीवर निघालेली गाडी कुठे नेऊन उभी करते ते मी घाटात, भर पावसात, पन्नास माणसांसह पाहिलेलं आहे. "घाल," मी म्हणालो.

तेवढ्यात रजतचा फोन आला. त्याच्या आईने कळवलं असणारच. आमच्या घरातली बातमी पुण्याला आधी पोचते.

"बाबा, तुम्ही कम्प्युटरवर खर्च करून राह्यले? त्या पैशात मस्त टॅब येते. व्हिडिओ पाहा, आराम करा. या वयात गेम? लोक हसतील."

"हसू दे. गाडीत बसून पान खाऊन थुंकणारे लोक म्या एकतीस वर्षं पाह्यले. हसणाऱ्यायनं काय होते?"

"पण गाडी खरी नाई ना बाबा ते!"

यावर माझं डोकं सटकलं. "पाय तरी कुठं खरा हाय?" मी म्हणालो आणि फोन ठेवला. कहकशां मान खाली घालून रुई काढत होती.

तशीच खाली पाहत तिने विचारलं, "कोणता पाय? उजवा ना?"

"उजवा."

"स्टिअरिंगसोबत दोनच पायडल येतात. ब्रेक डाव्यानं जमंल?"

"जमवतो."

"अन रेस?"

एवढा विचार करून आलो होतो आणि नेमकं तेच सुचलं नव्हतं. मी मनातल्या मनात गाडी चालवायचो तेव्हा मला दोन्ही पाय असायचे ना! ती उठली, टायरवाल्याकडे गेली आणि कुठल्याशा मेलेल्या स्कूटरची रेसची मूठ, केबलसकट घेऊन आली. केबलचं टोक पायडलला बांधलं, मूठ लाकडाच्या ठोकळ्यावर बसवली. "टेबलाले ठोका. हातानं फिरवा."

मी मूठ फिरवली. पायडल खाली गेलं. पायडल दोनच, म्हणजे क्लच गेला तो गेलाच, गिअरही आता स्टिअरिंगमागच्या पट्टीवर आले. क्लचशिवाय गाडी म्हणजे मला मिठाशिवाय भाजी वाटते. पण चालवायची की नाही? चालवायची.

"या मुठीचे किती?"

"टायरवाल्याले चहा पाजा."

निघताना तिने पंख्याच्या जाळीवर जुन्या ओढणीचा पातळ तुकडा ताणून चिकटवला. दर रविवारी झटका म्हणाली, नाहीतर पुन्हा उशी होईल.

परतीच्या एस्टीत ड्रायव्हरच्या मागच्या शिटावर बसलो, मांडीवर डबा. ड्रायव्हर नवा, पोरगेला, हात चांगला होता. पण कंडक्टर नुसता "चल" म्हणाला आणि गाडी निघाली. मला आवडलं नाही. माझा कंडक्टर पूनमसिंग एकोणीस वर्षं माझ्यासोबत होता. दोरी ओढून दोनदा घंटी दिल्याशिवाय तो कधी "चल" म्हणाला नाही आणि मी कधी गाडी हलवली नाही. एकदा त्याचा घसा बसला होता, एकदा आमचं भांडण होऊन चार दिवस बोलणं बंद होतं. घंटी मात्र झाली. गेल्या उन्हाळ्यात तो वारला. त्याच्या तांड्यावर मातीला, म्हणजे अंत्यविधीला, मी कुबडीवर गेलो होतो.

घरी आलो. विमलने पोत्याकडे पाहिलं. "आली का तुमची नवरी?" एवढंच म्हणून ती आत गेली. आदळआपट ऐकू येत होती.

सगळं जोडलं. वायरी कहकशांने रंगाच्या टिकल्या लावून दिल्या होत्या, चुकायला जागाच नव्हती. मूठ टेबलाला ठोकली. संध्याकाळचे सव्वापाच झाले होते. बटण दाबलं. पूर्वी कम्प्युटर सुरू करून माणूस अंघोळ करून येत होता, आता नीट बसेपर्यंत पडदा उजळला. खेळ लावला. समोर स्टँड, काचेपलीकडे रस्ता, झाडं, सगळं लख्ख. किल्ली फिरवली, इंजिन लागलं. एक उचकी नाही.

आणि मी तसाच बसून राहिलो.

दोन मिनिटं. पाच मिनिटं. इंजिन चालू, दार बंद, गिअर टाकायला हात तयार. गाडी उभी. माझ्या मनात एकच आलं, काहीतरी चुकीचं घेतलं. ते मोठं कार्डच घ्यायला हवं होतं. कहकशांला फोन लावला.

"गाडी उभीच हाय," मी म्हणालो.

"हँग झालं का? चित्र थिजलं?"

"नाई. झाडाची पानं हलून राह्यली."

"इंजिनचा आवाज?"

"हाय."

"मूठ फिरवल्यावर काय होते?"

"फिरवली नाई."

"काहून काका?"

काहून! का ते मला तरी कुठे माहीत होतं. "पाहतो," म्हणून मी फोन ठेवला. मग कळलं. मशीन बिचारं ठणठणीत होतं. एकतीस वर्षांत मी स्टँडवरून गाडी स्वतःहून कधी सोडली नव्हती. मी मागच्या घंटीची वाट पाहत होतो. मागे भिंत होती आणि भिंतीवर कॅलेंडर. पूनमसिंग नव्हता. मी म्हाताऱ्या बैलासारखा जुंपून उभा होतो आणि मला इतकं रडू आलं की काच दिसेना. रजत खरं बोलला, मला वाटलं. खोटीच आहे गाडी.

आतली आदळआपट थांबली होती. विमल दारात उभी असावी. किती वेळ, ते मला माहीत नाही. तिचं माहेर दारव्ह्याचं. लग्नानंतर ती माझ्याच गाडीने माहेरी जायची, माझ्याच मागच्या शिटावर बसून, आणि पूनमसिंग तिला दरवेळी विचारायचा, "वहिनी, सोडू का गाडी?" मगच दोन घंट्या द्यायचा.

टण्‌ टण्‌.

मी दचकलो. मागे विमल होती. एका हातात गंज, म्हणजे पातेलं, आणि एका हातात उलथणं.

"असे काय पाह्यता? निघा न," ती म्हणाली. "दारव्ह्याले जायाचं हाय मले. दिवस बुडाच्या आत."

तिने माझ्या मागे खुर्ची ओढली आणि गंज मांडीवर घेऊन बसली. मी बाहीने डोळे पुसले. आरशात पाहिलं. खेळातल्या आरशात सगळी शिटं रिकामी होती. वेळ झाली की गाडी रिकामीही सोडावी लागते. मी पहिला गिअर टाकला आणि हळूच मूठ फिरवली.