कलम सात आणि शड्डू

आमच्या तालमीची घटना चार देशांतून आली आहे, हे आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो. बाकीच्या तालमींनी एकमेकींची नियमावली उतरवून वरचं नाव तेवढं बदललं. आमचे वस्ताद हंबीरराव मात्र अडून बसले. "पलीकडच्या तालमीचं उष्टं आपुन घ्यायचं न्हाय," म्हणाले. मी चिटणीस. नोंदणीला घटना तर हवीच होती, म्हणून मी त्र्यंबक रास्ते सरांना गाठलं. ते कायद्याच्या पोरांना जगभरच्या राज्यघटनांची तुलना शिकवायचे.

हे एकोणऐंशी साल. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती आणि हक्क या विषयावर सर एकदा सुरू झाले की घड्याळसुद्धा दमायचं. चार महिन्यांनी त्यांनी एकेचाळीस कलमं आणली. काही अमेरिकेची, काही आयर्लंडची, बरीचशी आपली. शेवटचं पश्चिम जर्मनीचं, ते त्यांचं लाडकं: पहिल्या भागातले मूलभूत हक्क कितीही बहुमत असलं तरी खोडता येणार नाहीत. सभेत सर वाचत होते तेव्हा मागे पांढरा रस्सा उकळत होता.

"ह्यात कुस्ती कुठं हाय?" वस्तादांनी एवढंच विचारलं.

"कलम बावीस."

वस्तादांनी सही केली आणि आम्ही जेवायला बसलो.

आमच्या पैलवानांचे लंगोट इलाहीभाई शिवतात. त्यांची सलमा दहावीला होती. घर एका खोलीचं, त्यात दोन शिलाई मशिनं दिवसभर धडधडायची. सहामाहीला ती गणितात नापास झाली होती. मार्चमध्येही नापास झाली तर शाळा बंद आणि तिसऱ्या मशिनवर बसायचं, असं घरात ठरलं होतं. तालमीच्या माडीवर आमची अभ्यासिका आहे. बाकं आहेत, ट्यूबलाइट आहे. पेठेतली पोरं तिथं अभ्यास करतात, म्हणजे निवांत झोपतात.

सलमा एकदा माझ्याकडे घटना वाचायला मागायला आली. तोवर ती कुणी मागितलीच नव्हती, त्यामुळे मला जरा आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी तिचा अर्ज आला. कलम सात: पेठेतल्या कोणत्याही रहिवाशाला जात, धर्म, लिंग न पाहता अभ्यासिका वापरता येईल.

आता पंचाईत अशी की माडीचा जिना आखाड्यातून जातो आणि आखाड्याच्या उंबऱ्याआत बाई येत नाही. वस्तादांची आई, चिमणाबाई, जन्मभर लेकाचा डबा बाहेरच ठेवत राहिली.

सभा बोलावली. सलमा उंबऱ्याबाहेर गणिताचं पुस्तक घेऊन उभी राहिली.

"सर, त्ये सात नंबर खोडा," वस्ताद म्हणाले.

सरांनी वस्तादांच्या मानेकडे पाहिलं आणि घसा साफ केला. हक्क निरंकुश नसतात, म्हणाले. वाजवी निर्बंध असतात. अमेरिकेत एक मत आहे, आयर्लंडात दुसरं. पाऊण तास हे चाललं. मला त्यांचा राग आला, खरं सांगतो. दोन वर्षं हक्कांवर गरजणारा माणूस, आणि एक हक्क दारात येऊन उभा राहिला तर ह्यांची गाडी आयर्लंडात.

"सर, अमेरिकेचं ऱ्हाऊ द्या," सलमा बाहेरून म्हणाली. "आपल्या तालमीत काय लिवलंय?"

मी उठून कलम एकेचाळीस मोठ्यानं वाचलं.

"म्हंजे खोडता येत न्हाय?" वस्तादांनी विचारलं.

"नाही," सर पुटपुटले. "मीच तसं लिहिलंय."

"खाली सही कुणाची?"

"तुमची," मी म्हणालो.

वस्तादांनी आखाड्यातली चिमूटभर माती कपाळाला लावली. "पाठ टेकली म्हंजे टेकली," म्हणाले. "कुस्तीत हुज्जत न्हाय."

तरी उंबरा त्यांच्याकडून सुटेना. आठवड्यात त्यांनी रस्त्याच्या अंगाला लोखंडी जिना बसवला. वेगळा जिना ही समता म्हणायची का, यावर अमेरिकेत मोठा वाद झाला आहे, असं सर सांगू लागले. सलमा तोवर वर जाऊन बसलीसुद्धा.

चौथ्या दिवशी ती तक्रार घेऊन खाली आली. आखाड्यात पैलवान मांडीवर थाप मारून शड्डू ठोकत आणि प्रत्येक शड्डूला तिचं एक सूत्र उडून जाई. वस्तादांनी हुकूम काढला, "सा ते नऊ शड्डू बंद. पोरगी वाचतीया."

मग गुंडू पैलवानाचा अर्ज आला. कलम नऊ, अभिव्यक्तिस्वातंत्र्य. सरांचा चेहरा कित्येक दिवसांनी खुलला. दोन मूलभूत हक्कांची टक्कर! त्यांनी अभिप्रायासाठी मुदत मागितली आणि पुण्याहून ग्रंथ मागवले.

"तवर गप ऱ्हावा," वस्तादांनी पैलवानांना सांगितलं. चाळीस गडी चार महिने मुकाट्यानं कुस्ती खेळले.

जूनमध्ये निकाल लागला. सलमाला गणितात बासष्ट. पेढे घेऊन ती आखाड्याच्या दाराशी आली आणि सवयीनं उंबऱ्याबाहेर थांबली. सरांचा अभिप्राय अजून यायचा होता.

वस्तादांनी तिच्याकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे. त्यांचे डोळे भरून आले होते. घाम आलाय म्हणाले.

"भाईर का हुबी? आत ये की."

ती आत आली. वस्तादांनी पेढा तोंडात टाकला आणि मागे वळून म्हणाले, "गुंडू, आता ठोका रं."

चाळीस पैलवानांनी एकदम शड्डू ठोकला. माडीवरची पोरं झोपेतून उठली.