नवापूर कोरियाच्या बाजूने

तात्यांनी माइकवर टिचकी मारली आणि जाहीर केलं, "मानवजातीचा इतिहास म्हणजे दोन लहरींचं युद्ध!"

माइक बंद होता. वाळत घातलेल्या बोंबलांखाली बसलेल्या मांजरीने तेवढी मान वर केली.

नवापुरात फाइव्ह-जीचा टॉवर उभा राहिला होता. बोईसरच्या टेलिफोन केंद्रातून निवृत्त झालेले, म्हणून भाषणाचा मान आत्माराम तात्यांना. शेजारच्या सुजितने वायर हलवली, माइक खरखरला आणि तात्या सुटले. एके काळी मोबाइलच्या जगात दोन तंत्रांचे दोन तट होते. जीएसएमवाला युरोप एकीकडे, सीडीएमएवाले अमेरिका-कोरिया दुसरीकडे.

नवापूर कोरियाच्या बाजूने होतं, कारण तात्या होते. सीडीएमए दर्यात लांबवर रेंज धरतो, असं धाकट्या भावाला, देवूला, पटवून त्यांनी एकसारखे दोन फोन आणून दिले होते. एक बोटीवर, एक घरी त्याच्या बायकोकडे, हंसाकडे. दुसऱ्या कंपनीचं कार्ड त्यात बसत नसे. याला निष्ठा म्हणतात, असं तात्या तेव्हा सांगत.

पुढे कंपनीचा इंग्रजी मेसेज आला, अमुक तारखेपासून सेवा बंद. देवू तो वाचून घ्यायला आला. तात्यांनी वाचला आणि हसून फोन परत दिला.

"शत्रूची अफवा. खरं तंत्र कधी मरत नाय."

कंपनीने तारीख पाळली. चौथ्या दिवशी देवू दर्यात गेला आणि वारा उठला. गावच्या बाकीच्या बोटींना किनाऱ्यावरून फोन गेले; ते फोन युरोपचे होते, वाजले. बोटी परतल्या. देवूची बोट आठवड्याने पालथी सापडली, देवू नाही.

हंसाला तात्यांनी सांगितलं, "रेंजबाहेर हाय तो. लाइन परत येल." यात तांत्रिक चूक काहीच नव्हती.

"मग तात्या, जिंकला कोण?" सुजितने विचारलं.

"कोणीच नाही!" तात्या प्रसन्न हसले. "भांडून भांडून दोघांनी हातमिळवणी केली. फोर-जी दोघांचं, आणि त्यातून हे फाइव्ह-जी."

मागच्या रांगेतून हंसा उठली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने फोन काढला. पडदा उजळलेला होता. दहा वर्षं ती तो रोज चार्ज करत होती.

"दोगं एक झालं ना? मग आता तरी याला लाइन येल, तात्या?"

माइक आता नेमका स्वच्छ चालत होता. तात्यांनी तो तोंडापासून लांब धरला.

"येल. जरा कळ काढ."

"काढते." ती अगदी जवळ आली आणि त्यांनाच ऐकू जाईल असं बोलली. "तो मेसेज याच्यावर पण आलता. सुजितनं तवाच वाचून दाखवला. मी यांना बोलले, नका जाऊ. तर मलाच हसले. बोलले, तुला तात्यापेक्षा जास्त कळते काय?"

तात्यांच्या हातातला माइक खाली आला. हंसाने फोन पुसून पुन्हा पिशवीत गुंडाळला.

"याचा चार्जर तुटलाय. बोईसरला जाल तवा आणा. बारीक पिनवाला."