पोटातल्याचा वाटा

कुरवंड्याच्या वरच्या अंगाला, डांबरी रस्ता संपून मातीचा सुरू होतो तिथं एक वाडी आहे. तिथली माणसं एकमेकांचं बरंच काही नाकारतात. बांधावरची वाट नाकारतात, लग्नाची पत्रिका नाकारतात, सख्ख्या भावाच्या घरचा चहासुद्धा नाकारतात. पण शिकारीचा वाटा तिथं आजवर कोणी नाकारलेला नाही. जनावर पडलं की उंबऱ्यागणिक एक वाटा, रान उठवायला हाक्याला गेलेल्याला थोडा जादा, आणि वाडीत कुठं पोटुशी बाई असली तर तिच्या पोटातल्या जिवाचाही वेगळा वाटा. अजून जग न पाहिलेल्या त्या जिवाचा वाटा सगळ्यांत आधी निघतो आणि ज्यानं जनावर पाडलं त्यानंच तो आपल्या हातानं काढायचा असतो. कायदा शिकारीला गुन्हा म्हणतो हे वाडीला ठाऊक आहे. म्हणून ती या विषयावर हळू आवाजात बोलते, एवढाच काय तो तिनं कायद्याचा ठेवलेला मान.

गोरख वाडीतला सगळ्यांत पक्का नेमबाज होता, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. एरवी तो लोणावळ्यात एका मुंबईकराचा बंगला राखायचा, पोहण्याच्या तलावातली पानं जाळीनं काढायचा आणि शनिवारी येणाऱ्या पोरांचं ‘ए काका’ मुकाट्यानं ऐकून घ्यायचा. थंडी पडली की मात्र रखमाजीआबाची, पिकं राखायला म्हणून परवाना काढलेली बंदूक त्याच्या खांद्यावर यायची, आणि तेवढ्यापुरता तो अख्ख्या वाडीचा गोरखभाऊ व्हायचा. यंदा त्याची लेक कोमल बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. त्यामुळं या खेपेला गोरखची बायको सविता तिला साधी कळशीही उचलू देत नव्हती, आणि गोरख तोंडानं काही न बोलता रोज कामावरून येताना देवळासमोर चप्पल काढून उभा राहायचा. आयुष्यात देवाकडं त्यानं काही मागितलं असेल तर ते हेच, की हे एवढं पोर जगू दे.

दिवाळीनंतर फॉरेस्टची जीप भोंगा लावून वाडीतून फिरून गेली होती. रानातली सांबरं-भेकरं आजारी पडताहेत, त्यांच्या तोंडाला लाळ असते, ती माणसाला बुजत नाहीत, त्यांना हात लावू नका, मटण खाऊ नका, असं भोंगा सांगत होता. वाडी पोट धरधरून हसली. शिकार बंद पाडायला साहेबांनी नवं खूळ काढलं, असं रखमाजी म्हणाला आणि गोरखही सगळ्यांबरोबर हसला.

त्यानंतरच्याच हाक्यात ते सांबर आलं.

डोंगराच्या वरच्या सोंडेवरून हाकेकरी डबे बडवत, हाळ्या देत खाली उतरत होते. गोरख ओढ्याच्या वळणावर कारवीच्या आडोशाला बसला होता. हाक्यातलं जनावर येतं ते झाडोरा फोडत, जिवाच्या आकांतानं येतं, डोळ्यांपुढून निघून गेल्यावरच ते दिसल्याचं कळतं. हे सांबर चालत आलं. मागं एवढा गदारोळ चालला असताना ते बाजार करून घरी निघालेल्या माणसासारखं सावकाश चालत आलं आणि गोरखच्या समोर, बंदुकीची नळी पोहोचेल इतक्या जवळ येऊन उभं राहिलं. फासळ्या वर आल्या होत्या. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मान जराशी कलती करून ते त्याच्याकडं बघत होतं. गोरख ‘हाड’ म्हणाला. ते हललं नाही. त्यानं दगड उचलून मारला, तो नेमका कपाळावर बसला, तरी त्याची पापणी लवली नाही. उलट त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. इतक्या वर्षांत गोरखला पहिल्यांदाच जनावराची भीती वाटली, आणि त्या भीतीच्या भरात त्यानं बार टाकला.

रखमाजी धापा टाकत खाली आला. “कसं घावलं रं?”

“धावत्यावर,” गोरख म्हणाला.

उभ्या जनावरावर बार टाकणाऱ्याची वाडी वर्षभर टर उडवते, म्हणून तो तसं म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा ‘धावत्यावर’ म्हटल्यावर पुढचं सगळं आपसूक झालं. पाठीवर थापा पडल्या, सागाची पानं मांडली गेली, सुरी त्याच्या हातात आली. मग विक्की ओरडला, “गोरखभाऊ, आदी पोटातल्याचा काडा! तुमचाच नातू हाय!” विक्की रस्त्याच्या कडेला मॅगी आणि कांदाभजीची टपरी चालवायचा. गर्दीच्या रस्त्यावर गिऱ्हाईक ओढून ओढून त्याचा घसाच तसा झाला होता. सगळे हसले, सगळे बघत होते, आणि गोरखनं काळजाचा मऊ तुकडा कापून पहिल्या पानावर ठेवला.

घरी आल्यावर मात्र त्याला राहवेना. सविता परड्यात गेली तसं त्यानं टोपलं उचललं आणि घरात आलेलं सगळं मटण, चुलीवर चढण्याआधीच, ओढ्यात नेऊन टाकलं. कुत्र्यांनी पळवलं, असं त्यानं सविताला सांगितलं. सविता कुत्र्यांना आणि त्याला, दोघांनाही सारख्याच शिव्या घालत राहिली. गोरखनं त्या आनंदानं ऐकून घेतल्या. त्या दिवशी साऱ्या वाडीत रस्सा शिजत होता आणि त्याच्या घरात पिठलं होतं. बाकीच्यांना सांगावं असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण सांगायचं तर ‘उभं होतं’ हेही सांगावं लागणार होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ! बघू, तो मनाशी म्हणाला, कोणाला काही झालं तर बघू.

कोणाला काही झालं नाही. उलट्या नाहीत, ताप नाही, साधी पोटदुखीही नाही. गोरख निवांत व्हायला लागला होता.

मग शनिवार आला. मुंबई-पुण्याच्या गाड्या नेहमीसारख्या कड्यावरून दरी बघायला चालल्या होत्या, हॉर्न कोकलत होते, आणि विक्की टपरी सोडून रस्त्याच्या मधोमध उभा होता. एक काळी गाडी वळणावरून आली आणि चाकं फरफटवत त्याच्या गुडघ्यांपाशी थांबली. कामावर निघालेला गोरख रस्त्यापलीकडून ओरडला. विक्की जागचा हलला नाही. गाडीवाला काच खाली करून आईबहिणीवर उतरला, तेव्हा विक्कीनं एक पाऊल पुढं टाकलं, गुडघे बंपरला टेकवले आणि मान जराशी कलती करून तो आतल्या माणसाकडं बघत राहिला. शिव्या हळूहळू थांबल्या. मग काच वर गेली आणि गाडी मागच्या मागं निघून गेली.

“काय रं, मरायचा व्हतास की!” गोरख म्हणाला.

“कशापाई?” विक्कीनं विचारलं. कांदाभजीच्या हाळ्या घालणारा त्याचा आवाज अगदी मऊ झाला होता.

त्यानंतर गोरखला जिकडं तिकडं तेच दिसायला लागलं. शेजारची भामाबाई सरपण काढत होती, लाकडांत घोणस निघाली, तर तिनं ती ढलपी उचलावी तशी उचलून बाजूला ठेवली आणि पुढची लाकडं काढायला लागली. साप तिला चावला नाही. पोरं शाळेत जाताना एकमेकांना भ्यॉ करून घाबरवेनाशी झाली. वाडीतलं भांडण बंद झालं, आणि ज्या वाडीत भांडण नाही तिथं माणसं राहतात की आणखी कोण, असा गोरखला प्रश्न पडला. सगळ्यांत वाईट म्हणजे लोक बोलायला फार जवळ यायला लागले. दोन माणसांत जेवढं अंतर असावं तेवढं ठेवीनात. गोरख मागं सरला की ते पुढं सरायचे, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नसायचा, लोभ नसायचा, काहीच नसायचं.

शेवटी न राहवून तो सकाळच्या वेळी देवळापुढं गेला. पुरुष मंडळी उन्हाला बसली होती. गोरखनं सगळं सांगून टाकलं. सांबर आजारी होतं, पळत नव्हतं, उभं होतं, दगड मारला तरी हललं नाही, आपण खोटं बोललो, चला, सगळे मिळून दवाखान्यात जाऊ. आता हे आपल्याला तुडवतील, अशी त्याची खात्री होती. तुडवलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

कोणी उठलं नाही. फक्त रखमाजीनं विचारलं, “तू खाल्लंस का?”

“न्हाई.”

“आमाला चारलंस, आन् तू न्हाई खाल्लंस.”

“आबा, चुकलं माजं. पाया पडतो तुमच्या.”

“वाटा नाकारलास तू,” रखमाजी म्हणाला. तो उठला, त्याच्यामागं बाकीचे उठले, आणि सगळ्यांनी मिळून एक पाऊल पुढं टाकलं.

गोरख पळाला. आपल्या गावात, भर सकाळी, जन्मापासून ओळखीच्या माणसांना पाठ दाखवून तो पळत सुटला, आणि पळतानाच त्यानं जावयाला फोन लावला. आकाश नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात होता. कोमलला घेऊन जा, आत्ताच्या आत्ता गाडी घेऊन ये, कारण विचारू नकोस, असं त्यानं सांगितलं. आकाश घाबरला. पाळी टाकून निघतो म्हणाला. तो घाबरलेला आवाज ऐकून गोरखला रडूच आलं. किती दिवसांनी कोणीतरी घाबरलं होतं!

घरी कोमल माजघरात भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. सविता चुलीपाशी होती. गोरखनं पुढच्या दाराला आतून कडी लावली, मग वाटलं कडीनं काय होतंय, म्हणून पाटा ओढून दाराला लावला. सविता तोंडाला पदर लावून बघत राहिली. “आवं, काय झालंय तरी काय?”

मग त्यानं तिला चुलीपाशी नेऊन हळू आवाजात सांगितलं. मटण कुत्र्यांनी नेलं नव्हतं, आपण टाकलं होतं. का टाकलं, तेही सांगितलं. खिडकीच्या गजातून अंगण दिसत होतं. अंगणात माणसं यायला लागली होती. रखमाजी, विक्की, भामाबाई, दप्तरं पाठीला लावलेली पोरं. कोणाच्या हातात काठी नव्हती, दगड नव्हता. ती नुसती येऊन उभी राहत होती.

“येऊ द्या,” गोरख म्हणाला. “आपल्या घरात त्या मटणाचा कण शिजला न्हाई. आपुन तिगं चांगली हाय. आकाश येतोय, पोरीला घिऊन जाईल.”

सवितानं हातातली फुंकणी खाली ठेवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“काय गं?”

“आन् पोटातल्याचा?”

“त्यो बी टाकला की त्याच टोपल्यातनं.”

“त्यो घरी कुटं येतो?” सविता खोल गेलेल्या आवाजात म्हणाली. “त्याला पोटुशीच्या घरचा इस्तू लागू द्यायचा नसतो. त्यो रखमाजीआबाच्या भागुबाईच्या चुलीवर शिजतो आन् म्हाताऱ्या बाया पोरीला मांडीवर घिऊन भरवत्यात. इतकी वर्सं सोताच्या हातानं काडताय, आन् त्यो जातो कुटं, तुमी कदी इचारलं न्हाई?”

नव्हतं विचारलं. सुरी धुऊन झाली की पुरुषांचं काम संपत होतं, पुढचं बायकांचं. त्यात विचारायचं काय, असं त्याच्या बापालाही वाटलं होतं आणि त्यालाही.

माजघरातून तांदळाच्या सुपाचा आवाज येत होता. कोमल पाखडायची, थांबायची, खडा काढायची. गोरख चुलीकडच्या दाराआडून तिच्याकडं बघत राहिला. गालावर तेज आलं होतं पोरीच्या. माहेरी आली तेव्हा विजेचं बटण खटकन वाजलं तरी दचकायची. पहिलं मूल गेल्यापासून ती तशीच झाली होती. गेल्या काही दिवसांत ती शांत झोपत होती आणि आईबापांना ते केवढं बरं वाटत होतं.

त्यानं उतरंडीतला पितळेचा हंडा उचलला. सवितानं ओळखलं. तिनं मानेनं नको म्हटलं, हात जोडले. तो पाय न वाजवता कोमलच्या मागं जाऊन उभा राहिला. क्षणभर त्याला वाटलं, की हंडा तसाच हळूच खाली ठेवावा, आकाश येईल, तिला नेईल, आणि आपल्याला कधी कळलंच नाही तर काय बिघडेल. मग त्यानं तो डोक्यावर नेला आणि सगळी ताकद लावून फरशीवर आदळला.

सविता किंचाळून खाली बसली. त्या आवाजानं गोरखच्या स्वतःच्या अंगावर काटा उभा राहिला. हंडा गडगडत भिंतीला जाऊन लागला, परत फिरला, घरभर नाद करत राहिला. अंगणातलं कोणी हललं नाही.

कोमलनं बोटांत धरलेला खडा बाजूला टाकला. मग सूप मांडीवरून खाली ठेवलं, दोन्ही हात पोटावर ठेवले, आणि थोडा वेळ काहीतरी ऐकत असल्यासारखी बसून राहिली. नंतर मान वळवून तिनं बापाकडं बघितलं आणि हसली.

“दादा,” ती म्हणाली, “ह्यो बी दचकला न्हाई.”