नवलकोल जमिनीच्या वर येतो

अप्पासाहेबांच्या शर्टाचं पोटावरचं बटण महिन्याभरात दुसऱ्यांदा तुटलं, तेव्हा सकवारबाईंना पहिला संशय आला. लग्नाला चाळीस वर्षं झाली, या माणसाचं वजन कधी हललं नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं, निवृत्ती झाली, आणि आता सहासष्टाव्या वर्षी एचएसआर लेआउटमधल्या एका लहान ऑफिसात मराठी-कानडी मजकूर तपासायला जाऊ लागले, तर तीन आठवड्यांत गाल वर आले. बसून काम केलं की माणूस सुटतो म्हणतात. पण ग्रंथालयात तरी हे कुठं उभे होते?

खरं कारण असं होतं.

त्या ऑफिसात यांना धरून चार माणसं. दुपारी एक वाजता एकाच टेबलावर डबे उघडायचे, मधे सरकवायचे आणि ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं, अशी तिथली रीत. बाकी तिघंही शाकाहारी. अप्पासाहेबांचं मराठा घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, गवीपुरममधलं. रविवारी मटण नसेल तर तो रविवार नव्हे. पण टेबल सगळ्यांचं म्हटल्यावर डबा शाकाहारीच न्यायचा, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. शंका होती ती बाकी सगळ्याबद्दल. आपण कुणाला फसवतोय असं होऊ नये, म्हणून दुसऱ्याच दिवशी, कुणी विचारलेलं नसताना, त्यांनी घसा साफ करून सांगून टाकलं की आमच्याकडे रविवारी मटण होतं, भांडी मात्र स्वच्छ घासतो. सगळे ‘बरं’ म्हणाले. आणि त्या दिवशी अप्पासाहेबांच्या डब्याला कुणी हात लावला नाही. नंतरही नाही. पहिल्या दिवशीही कुणी लावला नव्हता, पण ते त्यांनी नवखेपणावर सोडून दिलं होतं.

घरी येऊन त्यांनी सकवारबाईंना सांगितलं की डब्याच्या स्वयंपाकाला वेगळी कढई हवी, वेगळा डाव हवा, डबाही नवा हवा.

“ऑफिसला जाताय की सोवळ्यात बसताय?” सकवारबाई म्हणाल्या. पण आणलं सगळं.

मग पथ्यं सुरू झाली. पुण्याच्या यशोवर्धनला शेंगदाणा चालत नव्हता, ओठ सुजत. हे त्यानं स्वतःच सांगितलं होतं. कानडी विभागाचे भीमाचार्य कांदा-लसूण खात नसत, हे त्यांच्या कपाळावरच्या गंधावरून उघड होतं. आणि बेळगावकडची चंदना एकदा भाजीतला बटाटा हळूच बाजूला काढताना अप्पासाहेबांना दिसली. आडनाव जैनांचं. त्यांनी मनाशी जुळवलं: जमिनीखालचं काही नको. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा आणि दाण्याचा कूट एवढं वगळल्यावर भाजीत उरतं काय, असा प्रश्न सकवारबाईंनी केला, तर अप्पासाहेबांकडे यादी तयार होती. पडवळ, दुधी, भेंडी, घेवडा. नवलकोलापाशी ते अडले. नवलकोल दिसायला कंदासारखा. दोन कोश आणि एक जुना वनस्पतिशास्त्राचा ग्रंथ उघडून त्यांनी खात्री करून घेतली की तो जमिनीच्या वर येतो, म्हणजे खोड आहे. मग हळदीनं त्यांची झोप उडवली. हळद तर उघड उघड कंद.

“त्या पोरीलाच विचारा की,” सकवारबाई म्हणाल्या.

असं कसं विचारायचं, तिला वाटेल आपण तिच्या धर्माची चौकशी करतोय, असं अप्पासाहेबांचं म्हणणं पडलं. तेव्हा भाजी पांढरी झाली.

इतकं करूनही डबा भरलेलाच राही. संध्याकाळी सकवारबाई दारातच विचारत, काय म्हणाले सगळे? चौघांना पुरेल एवढं पहाटे उठून करणाऱ्या बाईला, कुणी शिवलंसुद्धा नाही, हे कसं सांगायचं? म्हणून अप्पासाहेब तो डबा एकटे संपवू लागले. जाईल तेवढं टेबलावर, उरलेलं बसथांब्याजवळच्या बागेत बाकावर. आणि घरी येऊन सगळ्यांच्या वतीनं दादही देऊ लागले. भीमाचार्य म्हणाले, पडवळाला इतका न्याय आजवर कुणी दिला नव्हता. सकवारबाई खूश झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दोन चपात्या जास्त आल्या.

अप्पासाहेबांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. शनिवारी ऑफिस अर्धाच दिवस, डबे नसत; त्या दिवशी जायचं आणि सांगायचं की डोळे साथ देत नाहीत, काम सोडतो. काम आवडत होतं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांना विचारत होतं की यातला बरोबर शब्द कुठला. पण ज्याचा डबा कुणी घेत नाही त्यानं त्या टेबलावर रोज बसायचं तरी किती दिवस?

गुरुवारी ते घरी आले तेव्हा सकवारबाई नेहमीसारख्या दारातच उभ्या होत्या.

“आजचा दुधी कसा झाला होता?”

“छान. चंदनानं दोनदा घेतला.”

“आणि यशोवर्धननं?”

“तो म्हणाला, आईच्या हातची आठवण झाली.”

“त्याची आई मीठ घालत नाही वाटतं,” सकवारबाई म्हणाल्या. “मी आज घातलंच नव्हतं.”

अप्पासाहेब चपला काढायच्या विसरून तसेच खुर्चीत बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं: मटणाची कबुली, बागेतलं बाक, शनिवार, डोळे. बाकीची तिघं टेबलावर कशी हळू आवाजात कुजबुजतात, तेही सांगितलं. माझ्याबद्दलच असणार, ते म्हणाले.

सकवारबाई रागावल्या नाहीत. त्यांना वेगळंच कोडं पडलं होतं.

“ते राहू दे. चार माणसांचा बिनमिठाचा दुधी खाल्लात आणि तुम्हाला कळलं कसं नाही?”

“वाचत होतो.”

“जेवताना? तिथंही?”

“नेहमीसारखंच. झाकणात वाढून घेतो, समोर पुस्तक असतं.”

“समोर म्हणजे कुठं?”

“डब्याला टेकून.”

सकवारबाईंना हसू आवरेना. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, “अहो, घरात तुम्ही तांब्याला पुस्तक टेकवता. मला तहान लागली तर मी उठून माठातलं पाणी पिते, तांब्या हलवत नाही. चाळीस वर्षं झाली. मी बायको असून माझी ही गत, तर त्या परक्या माणसांनी तुमचा डबा हलवायचा कसा?”

अप्पासाहेबांना ते पटलं नाही. इतक्या साध्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नसे. पण नाहीतरी शनिवारी सोडायचंच होतं. शुक्रवारी सकवारबाईंनी पिशवीतून पुस्तक काढून घेतलं आणि नवलकोल दिला. मीठ घालून.

एक वाजता डबे उघडले. पुस्तक नसल्यामुळे डोळे कुठं ठेवायचे ते अप्पासाहेबांना कळेना. त्यांनी पाण्याच्या बाटलीवरचा मजकूर वाचला. त्यात एक चूक होती, तिचं थोडं बरं वाटलं. मग डबा बोटानं वीतभर पुढं सरकवला आणि हात मांडीवर घेतले.

“काका, आज पुस्तक नाही?” चंदनानं विचारलं.

“घरी राहिलं.”

“मग आज मोठ्यानं बोललं तर चालतंय?”

अप्पासाहेबांना अर्थ लागेना. तेव्हा तिनं सांगितलं की काका वाचतात म्हणून तीन आठवडे सगळे हळू बोलताहेत; यशोवर्धन हसला की भीमाचार्य त्याच्याकडे डोळे वटारून बघतात. पहिल्याच दिवशी तिनं डब्याकडे हात नेला होता, पण पुस्तक पडेल म्हणून मागं घेतला.

“यात दाणे नाहीत ना, सर?” यशोवर्धननं चमचा हातात घेऊन विचारलं.

“तीन आठवडे नाहीत,” अप्पासाहेब म्हणाले.

नंतर डब्याकडे बघायलाही वेळ मिळाला नाही, इतक्या भराभर तो रिकामा होत गेला. त्या धांदलीत धीर करून त्यांनी चंदनाला हळदीचं विचारून घेतलं. तिला प्रश्नच कळला नाही. मग बटाट्याचं निघालं.

“तो कच्चा होता, काका,” ती म्हणाली. “आमची आजी पाळते की सगळं. मी बटाटा खाते. पण हा नवलकोल तुम्ही रोज आणा.”

नवलकोल जमिनीच्या वर येतो, त्यासाठी तीन ग्रंथ पाहिले, असं अप्पासाहेबांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. त्यावर यशोवर्धन जो हसला, त्याला भीमाचार्यांनी त्या दिवशी अडवलं नाही.

भीमाचार्यांनी डब्याला हात मात्र लावला नव्हता. अप्पासाहेब तिकडे बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते शांतपणे म्हणाले, “मी घरचंच खातो, साहेब. माझ्या सख्ख्या मेहुण्याकडंसुद्धा फक्त पाणी पितो. याचं वाईट वाटून घेऊ नका.” आणि आपलं लिंबाचं लोणचं त्यांनी अप्पासाहेबांच्या झाकणात वाढलं. झाकणात तेव्हा दुसरं काहीच नव्हतं.

बसमध्ये अप्पासाहेब विचार करत राहिले की मेहुण्याचं खरं असेल की आपलं मन राखायला सांगितलं असेल. सिल्क बोर्डाच्या चौकात बस अर्धा तास अडकली, तरी निकाल लागला नाही. पोटात कावळे ओरडत होते.

“काय म्हणाले?” सकवारबाईंनी दारात विचारलं.

आज रचून सांगण्यासारखं काही नव्हतं. “काही म्हणाले नाहीत,” अप्पासाहेब म्हणाले. “संपवलं. मला वाढ काहीतरी. आणि सोमवारी बटाटा दे.”

“सोमवारी? आणि डोळ्यांचं काय झालं?”

“बरे आहेत स्वल्प.”

सकवारबाईंनी ताटं घेतली, मधे तांब्या ठेवला. सवयीनं अप्पासाहेबांचा हात पुस्तकांच्या कपाटाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी तांब्या उचलला आणि बायकोच्या भांड्यात पाणी ओतलं. थोडं ताटात सांडलं.

सकवारबाईंनी त्या पाण्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

“वाचा, वाचा,” त्या म्हणाल्या. “एकदम एवढं सुधारू नका. मला सवय नाही.”